चाळीस सोडून पुढचे वीस

४ जून

प्रिय मुंगळ्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते, म्हणून महत्त्वाचं असलं की मी कागदच घेते.

तुझा मामा आठ दिवस झाले, घरी नाही. सकाळी दाढी करायला म्हणून गेला. न्हाव्याकडे पोचला, दाढी केली, तिथून निघाला आणि कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. वर्षभरात त्याचं विसरणं वाढलं होतं. पण हातात घड्याळ दिलं की बोटांना सगळं आठवायचं, म्हणून मी गाफील राहिले. त्याच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवायची असं महिनाभर म्हणत होते. म्हणतच राहिले. तुला हे लिहितानाही मान वर होत नाही.

पोलिसांत सांगून झालं. त्याच्या जुन्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या शटरवर फोटो लावून कागदही चिकटवला. पोलिसांनीच त्या साइटचं सांगितलं, दवाखान्यांत आलेल्या अनोळखी माणसांच्या नोंदींचं. मी लगेच म्हटलं, ती माझ्या भाच्यानेच केली आहे! एवढ्या काळजीतही मिरवून घेतलं बघ. मंगळवारी आणि शुक्रवारी मी वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायला जातेच, तिथला कॉम्प्युटर मला सकाळी तासभर मिळतो. 'पुरुष, साठच्या पुढे' असं भरलं की फोटो येतात, एका पानावर वीस. एकेक चेहरा मी सावकाश बघते. आजारी माणूस फोटोत स्वतःसारखा दिसत नाही, हे एकतीस वर्षं दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काढल्यावर मला कळतं.

पण तुझी पानं पुढे पुढे फार रेंगाळतात. पहिली पटापट उघडतात, चाळिसाव्या पानाशी आले की मी पाणी पिऊन येते तरी ते चाक फिरतंच आहे. असं का? आणि माझं बघणं लवकर होईल अशी काही युक्ती असेल तर कळव.

तुझी मावशी


९ जून

मावशी,

नमस्कार. वाकून, पण लांबून.

मामाचं कळलं. मी यायला हवं, पण इथे नव्या कामाची तारीख डोक्यावर आहे. महिनाअखेरीस नक्की बघतो. मामा सापडेल. कुठल्या तरी वॉर्डात बसून भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे म्हणून सगळ्यांना वैताग देत असेल.

पानांचं सांगतो. मशीनला मी सांगून ठेवलंय की इतक्या नोंदी सोड आणि पुढच्या वीस दे. तिसरं पान म्हणजे चाळीस सोडून पुढचे वीस. चाळिसावं म्हणजे सातशे ऐंशी सोडून पुढचे वीस. सोडायच्या तरी त्याला त्या मोजाव्या लागतातच, आणि दर वेळी पहिल्यापासून. म्हणून मागे जाशील तसा वेळ वाढतो. आमच्यात जवळजवळ सगळे असंच करतात. सोपं पडतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. चिठ्ठीचं तर अजिबात नको.

मुंगळ्या


१३ जून

प्रिय मुंगळ्या,

दर वेळी पहिल्यापासून मोजतं? एवढं महागाचं यंत्र आणि हिशोब अंगणवाडीचा!

हसू नकोस, ऐक. मी नोकरीला लागले तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई जुने केसपेपर तपासायच्या, रोज थोडे थोडे. नवा पेपर सगळ्यांत पुढे ठेवायचा अशी आमची पद्धत. मीही तुझ्या मशीनसारखंच मोजायचे. काल दोनशे झाले ना, मग आज दोनशे सोडून पुढचे. एकदा मधल्या काळात समोरून कुणीतरी दोन पेपर काढून नेले. मागची सगळी रांग दोनाने पुढे सरकली, मी आपली दोनशे सोडून मोकळी झाले आणि दोन पेशंट बाईंना दिसलेच नाहीत. बाईंनी सगळ्या स्टाफसमोर मला अशी झाडली की मी त्या दिवशी डबाही उघडला नाही.

तेव्हापासून मोजणं बंद. शेवटी बघितलेल्या पेपरचा नंबर लाल पट्टीवर लिहून पट्टी तिथेच खोचायची आणि दुसऱ्या दिवशी 'या नंबरानंतरचे' असे घ्यायचे. समोरून कितीही काढा, कितीही घाला. अगदी पट्टीशेजारचा पेपरच कुणी नेला तरी नंबर आपल्याकडे असतोच. मोजायचे कष्ट वाचतात ते वेगळेच.

तुझ्या साइटवरून नोंदी काढत असतील ना रे? माणूस सापडला की काढतच असतील. मग मी पान वाचत असताना कुणी काढल्या तर?

मामाचा अजून पत्ता नाही. त्याचा चहाचा कप मी रोज विसळून ठेवते.

मावशी


१८ जून

मावशी,

तुझी लाल पट्टी वाचून खूप हसलो. ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवली. पण अगं, डेटाबेस म्हणजे पत्र्याचं कपाट नव्हे. ते सगळं आम्ही बघतो, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?

तुझे कष्ट वाचतील अशी युक्ती मात्र देतो. नव्या नोंदी आमच्याकडेही सगळ्यांत वरच असतात. तू एकदा सगळी जुनी पानं बघून घेतलीस ना? आता परत मागे जायचंच नाही. दर खेपेला पहिल्या पानापासून सुरू कर आणि गेल्या खेपेचा पहिला चेहरा दिसला की थांब. तीन-चार पानांत काम होईल. एकदा पाहिलं ते पाहिलं.

येण्याचं महिनाअखेरीस जमेलसं दिसत नाही. पुढच्या महिन्यात बघतो.

मुंगळ्या


१६ जुलै

प्रिय मुंगळ्या,

मामा सापडला. जिवंत आहे. हे आधी लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

इथून तीन तासांवरच्या गावात, सरकारी दवाखान्यात होता. तिथल्या एका नर्सचा नवरा आपलं घड्याळ दुरुस्तीला घेऊन मामाच्या दुकानाशी आला, दुकान बंद दिसलं आणि शटरवरचा कागद वाचला. फोटो ओळखीचा वाटला म्हणून त्याने बायकोला दाखवला. गोंदाने चिकटवलेला कागद शेवटी कामाला आला.

आता जे लिहायचं ते लिहवत नाही. त्याची नोंद तुझ्या साइटवर होती. उशिराच, एकोणीस जूनला सकाळी घातलेली, फोटोसकट. नर्सने नंबर दिला, मी वाचनालयात जाऊन तो नंबर भरला आणि मामा समोर आला. चेहरा स्वच्छ दिसत होता. चेक्सचा शर्ट मीच इस्त्री केलेला. आणि माझ्या वहीत एकवीस जूनला लिहिलंय, 'साडेदहाला बसले. तीन पानं, साठ चेहरे. आपला नाही.' म्हणजे तो माझ्या डोळ्यांखालून गेला आणि मला दिसला नाही.

नर्स सांगत होती, पहिले दोन आठवडे तो दाराजवळच्या खुर्चीवरून हलायचा नाही. कुणीही आत आलं की विचारायचा, "ताई आली का?" मग हळूहळू विचारणं बंद झालं. मी गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार केला. पाहुण्यांना करतात तसा.

तुझी आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो रे. मी एकटीच त्याला ओळखणारी, आणि मलाच तो दिसला नाही. सगळ्यांना मी स्वतःहून सांगितलं, माझी चूक. वाचनालयातलं कामही सोडलं. जिला सख्खा भाऊ दिसत नाही तिने दुसऱ्यांची पुस्तकं कशाला लावायची? डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

मामाला आता तिथल्याच एका वृद्धांच्या सेवाघरात ठेवलंय. त्याला घरी एकटं सोडता येत नाही, आणि माझ्या भरवशावर तर नाहीच.

मावशी


२४ जुलै

मावशी,

मामा सापडला हे महत्त्वाचं. बाकी सगळं मागे टाक. साठ चेहऱ्यांत एखादा निसटतो, या वयात व्हायचंच. डोळे दाखवून घे, तेवढंच मन शांत होईल.

कामात बुडालो आहे. सवडीने लिहितो.

मुंगळ्या


२ ऑगस्ट

प्रिय मुंगळ्या,

पत्र इतकं आखूड का? बरं नाहीये का तुला?

डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, आजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली, मी तिच्याखालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. डॉक्टर खूश झाले. मी मात्र बाहेर बाकावर बराच वेळ बसून राहिले.

डोळे चांगले, मग चूक कुठे? डोक्यात. मामाचंही असंच सुरू झालं होतं. समोरची वस्तू दिसायची पण ओळख पटायची नाही. आता मी स्वतःवर पहारा ठेवते. गॅस बंद केला की वहीत लिहिते, आणि मग लिहिलं का ते बघायला परत जाते. काल किल्ली कुलपातच राहिली. पूर्वीही राहायची, पण पूर्वी मी तिला वेंधळेपणा म्हणत होते.

तर ठरवलं आहे. चौदा तारखेला मामाच्याच सेवाघरात खोली घेते. तिथे डोक्याच्या तपासण्याही होतात. घर रिकामं करून देते, घरमालकांना सांगितलं. जमलं तर येऊन तुझ्या आईची शिलाई मशीन घेऊन जा. मी कुणाला दिली ते पुढे मला आठवेलच असं नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. तूच म्हणालास ना, या वयात व्हायचंच.

मावशी


६ ऑगस्ट, कुरिअरने

मावशी,

घर सोडू नकोस. आधी हे पूर्ण वाच आणि घरमालकांना नाही म्हणून सांग.

तुझे डोळे ठीक आहेत. तुझं डोकंही ठीक आहे. मामा तुझ्या डोळ्यांखालून गेलाच नाही. तो तुला दाखवलाच गेला नाही. चूक माझी आहे.

आमच्याकडे कोणी कुठलं पान किती वाजता उघडलं याची टिपणं मशीन आपोआप ठेवतं. तुझ्या वहीतली वेळ होती, वाचनालयाचा कॉम्प्युटर होता, शोधायला दहा मिनिटं लागली. एकवीस जूनला दहा चाळीसला तू दुसरं पान उघडलंस. त्या क्षणी मामाची नोंद एक्केचाळिसावी होती, म्हणजे तिसऱ्या पानावर पहिली. तू दुसऱ्या पानावरचे चेहरे बघत असताना, दहा एक्कावन्नला, नोंदणी ऑफिसातल्या बाईंनी वरच्या दोन नोंदी काढल्या. त्या दोन माणसांच्या घरचे सापडले होते. मामा एक्केचाळीसवरून एकोणचाळीसवर आला, म्हणजे तुझ्या वाचून झालेल्या पानावर. दहा पंचावन्नला तू 'पुढे' दाबलंस. मशीनने चाळीस सोडून पुढचे वीस दिले. मी सांगितलं होतं तसंच केलं त्याने.

आणि पुढच्या खेपेला तू त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीस. कारण मागे जायचं नाही असं तुला मीच लिहिलं होतं. एकदा पाहिलं ते पाहिलं.

तेरा जूनच्या पत्रात तू हेच विचारलं होतंस. मामाची नोंद यायच्या आठवडाभर आधी. मी ते ऑफिसात वाचून दाखवून हसलो. सगळ्यांत वाईट हे की मला उत्तर माहीत होतं. 'पानांची पद्धत बदलणे' हे काम आमच्या यादीत दीड वर्ष पडून होतं, 'सवडीने' या रकान्यात. तिथे ते मीच टाकलं होतं.

मावशी, चोवीस जुलैचं पत्र मी हे सगळं माहीत असताना लिहिलं. तुझं सोळाचं पत्र आलं त्याच दिवशी मी टिपणं उघडली होती. मग चार दिवस काही लिहिलं नाही, आणि नंतर लिहिलं की या वयात व्हायचंच. ती ओळ लिहून मी सुटल्यासारखा झालो. जेवलोही. तू डोळ्यांच्या डॉक्टरांच्या बाकावर बसलीस, किल्ली विसरली म्हणून घाबरलीस, घर सोडायला निघालीस, आणि मी इथे गप्प. स्वतःची किळस येते असं लिहिणंही मला शोभत नाही.

मी साइटवरची पद्धत बदलायला घेतली आहे. तुझीच लाल पट्टी. 'या नोंदीनंतरचे वीस.'

क्षमा मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

मुंगळ्या


१३ ऑगस्ट

श्री. संगणकतज्ज्ञ यांस,

आपलं पत्र पोचलं. घरमालकांना नाही म्हणून सांगितलं आहे. त्यांनी कारण विचारलं तेव्हा आपण केलेला पराक्रम त्यांना ऐकवला. वाचनालयात, दूधवाल्याला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही ऐकवला. महिनाभर जिथे जिथे मी माझी चूक म्हणून सांगत फिरले, तिथे तिथे परत जाऊन आले. पाय दुखले, पण एकही घर सोडलं नाही.

आता तुम्ही-आम्ही पुरे. मुंगळ्या, मला तुझा इतका राग आलाय की पत्र दोनदा फाडलं. पान चुकलं त्याचा नाही. माझीही मोजणी चुकली होती एकदा, आणि त्या दोन पेशंटचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. भीतीच वाटली. तुला लिहिताना हे मी गाळलं होतं. पण बाईंनी झाडलं तेव्हा मी मान खाली घालून म्हटलं होतं, हो, मीच. सफाईवालीचं नाव नाही पुढे केलं. तू माझ्या म्हातारपणाचं नाव पुढे केलंस. माझी लाज नव्हती ती, तुझी होती. महिनाभर मला वाहायला लावलीस.

रडून मोकळा होऊ नकोस. एक काम सांगते ते कर. माझ्यासारख्या किती जणी त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या असतील? कितींनी स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला असेल? किती अजून शोधत असतील? त्यांना सांग. तुमच्या त्या भाषेत नाही, मला कळेल असं. आणि पहिल्याच पानावर.

मावशी


२५ ऑगस्ट

मावशी,

पद्धत बदलून झाली. चाळिसावं पानही आता पहिल्यासारखंच उघडतं. दोन दिवसांचं काम होतं.

साहेबांना 'तांत्रिक सुधारणा केली आहे' एवढंच लिहायचं होतं. मी त्यांना तुझी पत्रं दाखवली, माझं चोवीस जुलैचंही. ती वाचून ते म्हणाले, लिहा तुम्हाला हवं तसं. काल सकाळपासून पहिल्या पानावर सगळ्यांत वर हे आहे:

'गेल्या दीड वर्षात ज्यांनी इथे आपलं माणूस शोधलं त्यांच्यासाठी. पान उलटताना काही चेहरे तुम्हाला दिसलेच नाहीत. तुम्ही नीट बघत होता. चूक आमची होती, कामचुकारपणा केला म्हणून झालेली. कृपया एकदा पुन्हा, पहिल्यापासून बघा.'

टिपणं तपासून निसटलेल्या नोंदींची यादी काढली. तीनशे बारा निघाल्या. आज एका बाईंचा फोन आला, त्यांना वडील सापडले. त्या माझे आभार मानायला लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी फोन ठेवला.

आता काय करू?

मुंगळ्या


१ सप्टेंबर

मुंगळ्या,

काय करू म्हणून विचारतोस? उरलेल्यांचे फोन घे. काही जणी फोन ठेवतील, ठेवू देत.

मी वाचनालयात परत जायला लागले. दीड महिन्यात त्यांनी पुस्तकांचा नुसता उकिरडा करून ठेवलाय. दर रविवारी मामाकडे जाते. परवा गेले तर तो दाराजवळच्या खुर्चीवर बसलेला. मला बघून नमस्कार केला, खुर्ची देऊ केली आणि मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "ताई आली का?"

इतक्या दिवसांनी परत विचारलं रे त्याने. आणि विचारलं कुणाला, तर मला.

महिन्यापूर्वी विचारलं असतं तर मी तोंड लपवलं असतं. परवा त्याचा हात धरून सांगितलं, ताई रोज शोधत होती तुला. एक चेहरा सोडला नाही तिने. तुझा तिला दाखवलाच नाही कुणी. त्याने ते मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "मग बरोबर. ताई विसरणारी नाही."

हे मला त्याला छातीठोक सांगता आलं ते तुझ्या कुरिअरच्या पत्रामुळे. त्यासाठी मी तुला माफ केलं असं समजू नकोस. ते अजून झालेलं नाही, झालं की कळवीन.

पण येत्या रविवारी तू ये. तिथे दाराशी आणखी एक खुर्ची आहे. मामा तुलाही ओळखणार नाही, विचारेल, आपण कोण? तेव्हा पान चुकवणारा तो मीच, असं तुझ्या तोंडाने सांग त्याला. लाज वाटेल. वाटू दे. लांबून नमस्कार खूप झाले.

मावशी